फेलिमचं मत

डब्लिन
१४ जानेवारी २०२४

प्रिय डिम्फनामावशी,

फोनच करणार होते, पण तू फोनवर कामाचं काही बोलत नाहीस. चार वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून अख्ख्या लिट्रिमची बोलणी ऐकलेली बाई तू, तारेवर तुझा विश्वास कसा बसणार? म्हणून पत्र.

सार्वमताची तारीख ठरली, ८ मार्च. महिला दिनाचाच मुहूर्त काढलाय आपल्या सरकारनं. मतपत्रिका दोन. एक कुटुंबाची व्याख्या मोठी करायची, आणि दुसरी राज्यघटनेतलं ते १९३७ सालचं कलम काढून टाकायची. तेच ते, बाईच्या घरातल्या जगण्याशिवाय राष्ट्राचं चालत नाही, आणि पोटासाठी बाहेर पडून आईचं घरच्या कर्तव्यांकडे दुर्लक्ष होऊ नये, याची काळजी सरकार घेणार म्हणे. त्या जागी आता येईल की घरातली माणसं एकमेकांची जी काळजी घेतात तिला सरकार आधार देईल. बाई-पुरुष असा भेदच नाही.

वर्गात हे कलम शिकवायची वेळ आली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. परवा एक कार्टी म्हणाली, "मिस, मग तुम्ही घरची कर्तव्यं सोडून इथं काय करताय?" वर्ग खदाखदा हसला. मीही हसले, पण घरी येईपर्यंत डोकं फणफणत होतं.

आता मागणं. आईच्या अल्बममध्ये तुझा एक्स्चेंजमधला फोटो सापडला. अकरा मुली ओळीनं बसल्यात, कानाला हेडफोन, सगळ्या कॅमेऱ्याकडे बघून हसतायत आणि तू एकटी समोरच्या बोर्डाकडे बघतेयस. आई सांगायची, १९७२च्या सप्टेंबरात तुझं लग्न झालं आणि लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरी नाही म्हणून त्याच आठवड्यात तुला घरी बसवलं. आणि दहा महिन्यांनी तो नियमच रद्द झाला. दहा महिने, मावशी. तुला मिळालेलं ते पत्र अजून तुझ्याकडे आहे ना? तो फोटो आणि ते पत्र आम्हाला प्रचारपत्रकावर छापायचंय. गावोगावच्या बायकांना आमच्या भाषणांपेक्षा तुझा चेहरा जास्त कळेल.

तू नाही म्हणणार नाहीस हे मला ठाऊक आहे. फेलिमला माझ्याकडून एक गुद्दा.

तुझी ग्रॉन्या


किलनावर, जि. लिट्रिम
१९ जानेवारी

ग्रॉन्या,

नाही म्हणते.

आता का ते ऐक. ते पत्र आहे माझ्याकडे, बिस्किटांच्या डब्यात. त्या डब्यात ते सगळ्यात खाली आहे, त्याच्यावर आणखी सतरा पत्रं आहेत. तुम्हा शहरातल्या शहाण्या लोकांना ते एकच पत्र हवंय, कारण ते जुनं आहे आणि त्याच्यावर चिडून कुणाचं काही बिघडत नाही. माझ्या गेलेल्या नोकरीवर मी रडले नाही असं नाही. पॅट बिचारा, नवा नवरा, घाबरून गोठ्यात जाऊन बसला होता. पण त्या गोष्टीला बावन्न वर्षं झाली. वरची सतरा पत्रं फेलिमबद्दलची आहेत, आणि शेवटचं डिसेंबरातलं आहे.

तो जन्मला तेव्हा डॉक्टर म्हणाले मेंदूला हवा कमी पडली, हातपाय धड चालणार नाहीत, डोकं मात्र शाबूत आहे. त्रेचाळीस वर्षं त्याला उठवते, धुते, भरवते, निजवते. पॅट गेल्यापासून एकटी. आरोग्य खात्याच्या त्या कार्यालयाकडे मी मागते काय, तर वर्षातून दहा दिवस कुणीतरी त्याला सांभाळावं. आणि दर पत्रात ते लोक काय लिहितात? "आम्ही यासाठी प्रयत्नशील आहोत." सतराच्या सतरा पत्रांत. तुझी ती नवीन दुरुस्ती टपालानं घरी आली, चष्मा लावून वाचली. त्यात काय लिहिलंय? सरकार आधार देण्यासाठी प्रयत्नशील राहील. अगं, आजवर कार्यालय माझ्या कोपराला गूळ लावत होतं, आता राज्यघटनाच लावणार. जुन्या कलमात माझा अपमान होता, मान्य. पण नव्यात मी फुकटची मोलकरीण, तीही कायमची आणि शिक्का मारून. आणि म्हणे बाई-पुरुष भेद नाही. इथं पंचक्रोशीत आजाऱ्याची ढुंगणं पुसणारे पुरुष किती आहेत ते मला मोजून दाखव.

कौन्सिलर गिलमार्टिन ख्रिसमसला आला होता. फेलिमच्या डोक्यावरून हात फिरवला, मला म्हणाला, "तुम्ही संत आहात हो." केक खाल्ला आणि गेला. मला संत व्हायचं नाही, मला दहा दिवस हवेत.

पाय जरा कुरकुरतो, बाकी बरी आहे. तो फोटो माझ्याकडे पाठव.

मावशी


डब्लिन
२७ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वाईट वाटलं. तुझ्या तोंडी हे शब्द कुणी घातले? रविवारी चर्चमधल्या मासनंतर फादर काय बोलतात ते मला इथं बसून कळतं. घर, आई, परंपरा. आईला, म्हणजे तुझ्या सख्ख्या बहिणीला, ह्याच माणसांनी आयुष्यभर गप्प बसवलं, आणि आता तू त्यांच्या बाजूला जाऊन बसतेस?

मला मान्य आहे की नवं वाक्य लुळं आहे. आम्हीही जास्त मागितलं होतं. पण आधी जुनी घाण काढू, मग पुढचं भांडू. आत्ता नाही म्हटलं तर पुढची तीस वर्षं कुणी हात लावायचं नाही या कलमाला. तुझ्यासारखीनं नाही म्हणावं यासारखं दुसरं दुःख नाही.

फोटोचं बघते.

ग्रॉन्या


किलनावर
३ फेब्रुवारी

ग्रॉन्या,

काल पोस्टात गेले. काचेवर माझं तोंड चिकटवलेलं. चोवीस वर्षांची मी, कानाला हेडफोन, आणि खाली ठळक अक्षरांत: "हिला घरी बसवलं. आता बास. ८ मार्चला होय म्हणा." पोस्टातली बाई म्हणते, डिम्फना, तू किती सुरेख दिसायचीस. मागे रांगेत सहा माणसं. मी तिकिटं न घेता बाहेर आले.

मी नाही म्हटलं होतं. माझं पत्र पोचायच्या आधीच तू छापायला दिला होतास की नंतर, ते मला नको सांगूस, दोन्हीपैकी कुठलंही ऐकवणार नाही. तुला वाटलं मावशी हो म्हणेलच, मग विचारल्यासारखं करून मोकळी झालीस. बाहत्तर साली त्या साहेबानंही मला विचारलं नव्हतं. त्याने निदान पत्र तरी सही करून दिलं.

आणि फादरचं म्हणशील तर ते गेले सहा महिने स्लायगोच्या दवाखान्यात आहेत, त्यांना स्वतःचं नाव आठवत नाही. माझ्या तोंडात शब्द घालायला मला कुणी लागत नाही. शहाणी असशील तर आता पत्र लिहू नकोस.

डिम्फना


किलनावर
५ फेब्रुवारी

ग्रॉन्या,

हे मी टाइप करतोय, एका बोटानं, तेव्हा लांबलचक नमस्कार नाहीत. आईला माहीत नाही. पोस्टमनला मीच सांगून पाकीट न्यायला लावणार आहे.

तिनं तुला पायाबद्दल "कुरकुरतो" असं लिहिलंय. खुबा गेलाय तिचा. हाडावर हाड घासतं. मला उचलताना ती गाणं म्हणते, म्हणजे कण्हणं ऐकू येऊ नये. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली, दोन्ही वेळा माझ्या राहण्याची सोय ऐन वेळी रद्द झाली आणि तिनं तारीख सोडली. आता तिसरी आलीय, २५ मार्च. ही सुटली तर डॉक्टर म्हणाले पुढची दीड वर्षानं. दीड वर्ष ती उभी राहणार नाही. मग आम्हा दोघांना उचलायला माणूस लागेल.

हे झालं आईचं. आता माझं.

तुम्हा दोघींची पत्रं मी वाचलीत. आई ती टेबलावर ठेवते, स्वतःचीही पाकिटात घालेपर्यंत, मला वाचता येतं हे विसरते. तू म्हणतेस दुरुस्ती हवी, ती म्हणते नको. दोघींचं भांडण कुणावरून चाललंय? माझ्यावरून. ज्याची काळजी घ्यायची तो मी. तुझ्या दोन पत्रांत माझ्या वाट्याला एक गुद्दा आलाय. गिलमार्टिन माझ्या डोक्यावर हात ठेवतो, जसा शेजारच्या कुत्र्याच्या ठेवतो. टीव्हीवर रोज चार माणसं घसा फोडून सांगतायत की अपंगांना काय हवं. फोटो न विचारता छापला म्हणून आई तीन दिवस भांडी आपटतेय, आणि बरोबर आहे तिचं. मला त्रेचाळीस वर्षांत कुणी काय विचारलंय?

तुला एक गंमत सांगतो. माझं नाव मतदार यादीत नाही. अठराव्या वर्षी घालायचं असतं. आईच्या मनातच आलं नाही. मतदान शाळेत, शाळेला चार पायऱ्या, मग कशाला? एवढं सोपं होतं ते तिला. ती वाईट नाही, तू तिला दोष देशील म्हणून सांगतो. पण पंचवीस वर्षं मी या देशात मोजलाच गेलेलो नाही.

ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांची वेगळी यादी असते. अधिकारी पेटी घेऊन घरी येतो. त्याला फॉर्म लागतो, डॉक्टरची सही लागते, आणि मुदत पुढच्या आठवड्यात संपते. फॉर्म पाठव. प्रचारपत्रक नको.

मी काय म्हणणार आहे ते विचारू नकोस. मला स्वतःला काय हवंय तेही मी कधी बोललो नाही, आईला लागेल म्हणून.

फेलिम


डब्लिन
७ फेब्रुवारी

मावशी,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितेय. तुझं पत्र यायच्या आधीच फोटो छापायला दिला होता. कारण सांगत नाही, कारण नाहीच. राहिलेली पत्रकं मी रद्दीत घातली, आणि पोस्टातल्या बाईला काचेवरचं काढायला सांगितलं. तिनं ते स्वतःच्या घरी नेलंय म्हणे, त्याला माझा इलाज नाही.

सोबत फेलिमसाठी फॉर्म आहे. डॉक्टरशी मी बोलले, तू फक्त त्यांची सही घेऊन ये. त्यानं कसं मत द्यावं ते मी सांगणार नाही. तूही सांगू नकोस. आणि खुब्याचं मला कळलंय. कुणाकडून ते विचारू नकोस.

ग्रॉन्या


किलनावर
५ मार्च

ग्रॉन्या,

कुणाकडून ते मी विचारत नाही. या घरात टाइप करणारा एकच आहे.

फॉर्म हातात घेऊन तो म्हणाला, माझं नाव घाल. मी म्हटलं अरे तुला कशाला त्या लफड्यात, मी आहे ना. तर माझ्याकडे असा बघत राहिला की मी मुकाट कोट चढवला आणि डॉक्टरकडे गेले. वाटेत दोनदा कुंपणाला धरून उभी राहिले. पायामुळे एकदा, दुसऱ्यांदा पायामुळे नाही. पंचवीस वर्षं मी दर निवडणुकीला लिपस्टिक लावून शाळेत जाऊन मत दिलं, आणि घरी येऊन त्याला सांगितलं की आपण अमक्याला दिलं. आपण म्हणायचे मी.

काल आले ते लोक. एक निवृत्त मास्तरीणबाई पेटी घेऊन, आणि बरोबर गार्डा, पोलिसातला कोवळा मुलगा, बूट दारातच काढायला लागला. मी चहा टाकला, सोडा ब्रेड कापला, खुर्ची ओढून फेलिमच्या शेजारी बसले. हात धरायला लागतो ना त्याचा. मास्तरीणबाई म्हणाल्या, तुम्हाला बाहेर थांबावं लागेल.

मी म्हटलं, "हे माझं घर आहे."

त्या म्हणाल्या, "आणि हे त्याचं मत आहे."

फेलिम दाराकडे बघत राहिला.

मग मी अंगणात गेले. स्वतःच्या अंगणात, पाहुण्यासारखी. हाताचं काय करावं कळेना, कोंबड्यांना दुसऱ्यांदा दाणे टाकले. आतून काही ऐकू येतंय का म्हणून कान टवकारले, जुनी खोड. पेन्सिल पडल्याचा आवाज आला. उचलायला धावणार होते, पण उभी राहिले. पुन्हा पडली. वीस मिनिटं लागली त्याला दोन फुल्या मारायला. एक पांढरी पत्रिका, एक हिरवी.

संध्याकाळी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, काय रे, काय केलंस? तर म्हणतो, मत गुप्त असतं. माझ्या संतापाला पारावार राहिला नाही. आयुष्यभर ज्याचं सगळं केलं, तो मला दोन फुल्या सांगत नाही. चमचा आपटून उठले. मग मोरीत जाऊन हसले, का ते मला विचारू नकोस.

मीही माझं सांगणार नाही. शुक्रवारी शाळेत जाईन, मग तू कितीही कुढ.

मावशी


डब्लिन
११ मार्च

मावशी,

हरलो. दोन्हींवर, आणि थोडक्यात नाही, सपाटून. मतमोजणीच्या हॉलमध्ये मी भिंतीला टेकून बसले होते. १९३७चं ते वाक्य जसंच्या तसं राहिलं, आणि तुझी सतरा पत्रंही तशीच राहिली. कलम घातलं त्यांच्यावर चिडू, की हे लुळं वाक्य लिहिलं त्यांच्यावर, की स्वतःवर? दारोदार फिरताना तुझ्यासारख्या किती बायका भेटल्या, आणि प्रत्येकीबद्दल मला वाटलं की तिला कुणीतरी पढवलंय. आता झोपताना त्यांचे चेहरे आठवतात.

फेलिमच्या राहण्याच्या सोयीचं अठरावं पत्र आलं असेलच. फेलिमनं कळवलं, जागा पुन्हा रद्द. मी मुख्याध्यापकांकडे रजा मागितली. त्यांनी नियम काढून दाखवले: नवरा, मूल, आईवडील, भाऊबहीण. मावशी नाही, मावसभाऊ नाही. तीन महिने अख्खा देश कुटुंब म्हणजे काय यावर भांडला, आणि शाळेच्या फायलीत तू माझी कुणीच नाहीस. मी तिथंच त्यांना चार शब्द सुनावले. उपयोग शून्य.

म्हणून ईस्टरची सुट्टी. २३ मार्चला संध्याकाळच्या बसनं येते, दोन आठवडे राहते. तारीख सोडू नकोस. फेलिमला विचारलंय, तो म्हणतो ये. पुढे लिहितो, पुन्हा बाईच आली ना. उचलायचं कसं ते मात्र मला आल्या आल्या शिकव.

ग्रॉन्या


किलनावर
२० मे

प्रिय ग्रॉन्या,

खुबा नवा, कुबड्या दोन, कोंबड्यांपर्यंत जाऊन येते. तू गेल्यावर घर सुनं झालं. फेलिम म्हणतो तू भरवतेस बरं पण बोलतेस फार. कार्यालयाचं एकोणिसावं पत्र आलंय. फरक एवढाच की पाकिटावर नाव माझं नाही, त्याचं आहे. त्यानंच त्यांना लिहिलं होतं की यापुढे मला लिहा. आतलं वाक्य तेच आहे म्हणा. त्यानं उत्तर लिहायला घेतलंय, चार दिवस झाले, टकटक चालूच आहे. इतके वाईट शब्द त्याला कुठून येतात देव जाणे.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्यासाठी. जूनमध्ये स्थानिक निवडणुका, तेव्हा काल गिलमार्टिन दारात. नवीन कोट. मला म्हणाला, डिम्फना, आमचा फेलिम कसा आहे, त्याला काही हवंय का? मी म्हटलं, त्याचं मत मला ठाऊक नसतं, या घरात दोन मतदार आहेत, आत जाऊन त्यालाच विचारा. आणि डोक्याला हात लावायचा नाही. तो हसायला गेला, पण मी हसले नाही, मग गेला आत.

दार लोटलं, पण आपलं दार तुला माहीत आहे, खालून बोटभर फट आहे. आणि माझे कान. चार वर्षं त्याच कामाचे पैसे घेतले मी. बोर्डावर दोन माणसं जोडून दिली की आपली वायर काढून घ्यायची, ऐकत बसायचं नाही, असा नियम होता. मी तो कधी पाळला नाही. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

फेलिम हळू बोलतो, गिलमार्टिनला दोनदा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा मला स्पष्ट ऐकू आलं. तो म्हणाला, "मला गावात वेगळं घर हवंय. पगारी माणूस हवा मदतीला. आईच्या आधारावर नको."

हे मला कधी बोलला नाही. त्रेचाळीस वर्षांत नाही. मला लागलं, हे तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. मग मनात आलं, बाहत्तर साली मी मागितलं असतं तेही हेच होतं, कुणाच्या आधारावर नको. फक्त मला कुणी विचारलं नव्हतं.

गिलमार्टिन काहीतरी पुटपुटत होता, प्रयत्न करू वगैरे. फेलिमनं त्याला मध्येच तोडलं आणि पुढचं बोलायला लागला. पुढचं काय होतं ते मला माहीत नाही. मी कुबड्या घेतल्या, उठले, आणि अंगणात जाऊन उभी राहिले.

तुझी
डिम्फनामावशी